बेचाळीस पाट्यांचं दार

विश्वनाथाची शप्पथ, अन्नपूर्णेची शप्पथ, गंगामाईची शप्पथ, आणि एवढ्यानं भागत नसेल तर माझ्या तोंडात उरलेल्या सात दातांची शप्पथ, आता मी जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या घरातले म्हणतात, आजी सांगते त्यातलं निम्मं घ्यावं आणि निम्मं गंगेत सोडावं. म्हणू देत. काशीत खोटं बोलणं ही साधी गोष्ट नाही. बाहेर केलेलं पाप काशीत आलं की धुऊन निघतं, पण काशीत केलेलं पाप वज्रलेप होतं, सिमेंटसारखं बसतं. मी शहात्तर वर्षांची बाई, या वयात अंगावर सिमेंट कशाला घेऊ?

तर माझी नात ईशानी इथं युनिव्हर्सिटीत भूगोल शिकते. आमच्या वेळी भूगोल म्हणजे नद्या, डोंगर आणि कापूस कुठे पिकतो. हिचा भूगोल म्हणजे पैसा कुठे लपतो. त्यावर तिला वर्गात भाषण द्यायचं होतं आणि ते आधी माझ्यापुढे म्हणून दाखवायचं होतं, कारण कुटुंबात रिकामं माणूस मीच. राहते बापाकडे, पण येऊन-जाऊन असते माझ्याकडे. तशी मी रिकामी नव्हते. माघातले दिवस, मी वाटाणे सोलत होते.

"तू फक्त ऐक आजी, मध्ये बोलू नकोस," असं म्हणून तिनं दिवाणावर जगाचा नकाशा पसरला. "ही बघ केमन बेटं."

मला दिसेनात. चष्मा पुसला तरी दिसेनात. शेवटी तिनं बोट ठेवलं तिथं खूण राहावी म्हणून मी एक वाटाणा ठेवला. मग व्हर्जिन बेटांवर एक, जर्सीवर एक, पनामाला एक, लक्झेंबर्गला एक, मॉरिशसला एक. ठेवता ठेवता माझ्या लक्षात आलं, की श्रीमंतांचा पैसा ज्या ज्या गावी राहायला जातो ते प्रत्येक गाव वाटाण्याखाली झाकून जातं.

"एवढ्याशा जागेत एवढा पैसा मावतो कसा गं?"

"मावत नाही, कारण तो तिथे जातच नाही. पैसा मुंबईत, लंडनमध्ये, जिथे होता तिथेच. तिथे फक्त नाव जातं. केमनला एक पाच मजली इमारत आहे, तिच्या एका पत्त्यावर अठरा हजार कंपन्या आहेत."

"अठरा हजार? आणि संडास किती?"

"आजी, तिथे राहत कोणी नाही. कर मागणारा आला की सांगायचं, आमचं ठिकाण तिकडचं. आणि तिकडे कर नाही."

एवढ्यात मिसिरजी आले. हे आमचे शेजारी. कचहरीत पेशकार होते, म्हणजे जजसाहेबांच्या पुढ्यात कागद सरकवायचं काम तीस वर्षं केलं. आता रिटायर होऊन आमचा पेपर वाचायला येतात आणि कागद अजून सरकवतातच. त्यांनी नकाशा बघितला.

"मॉरिसस? उहाँ त अपने ही लोग हैं. हमरे परदादा के भाई गए थे, गन्ना काटने." मग त्या वाटाण्याकडे आपुलकीनं बघत म्हणाले, "ऊ बेचारे त खाली हाथ गए थे, चाची. ई करोड़ों कौन ले गया?"

ईशानीनं सांगितलं, की म्हणतात, त्यातला बराच पैसा इथूनच जातो आणि फिरून इथेच येतो, फक्त येताना परदेशी होऊन येतो.

"माने गंगा नहा के लौट आया," मिसिरजी म्हणाले, आणि मॉरिशस उचलून तोंडात टाकलं.

त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "ईशे, अगं ही तर आमची काशी."

आणि खरंच आहे की नाही बघा. जगात कुठेही मेलात तर यम येतो, चित्रगुप्त वही उघडतो, पै-पैचा हिशोब. काशीत यमाला प्रवेशच नाही. इथं मरणाऱ्याच्या कानात विश्वनाथ स्वतः मंत्र सांगतो आणि माणूस सुटतो, चोर असो की शिक्षणमंत्री. फुकट नाही हं. काळभैरव इथला कोतवाल, तो जन्मजन्माची सजा एका क्षणात देऊन मोकळी करतो.

"म्हणजे उगमातच कापून घेतलेला कर," ईशानी म्हणाली आणि तिनं ते लिहून घेतलं.

"आणि हद्द पक्की. अलीकडच्या काठाला मेलात तर मोक्ष. गंगा ओलांडून पलीकडे मेलात, तर पुढचा जन्म गाढवाचा. मध्ये फक्त पाणी."

इथं थोडं थांबून माझ्या दोन अडचणी सांगते, म्हणजे पुढे माझी झोप का उडाली ते कळेल.

पहिली अडचण आमचे हे. नरहर विश्वेश्वर मोघे, रेल्वेत गार्ड. एकवीस वर्षांपूर्वी गाडी घेऊन मुगलसरायला पोचले, तिथल्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत, चहा मागवला, आणि चहा यायच्या आत गेले. मुगलसराय पलीकडच्या काठाला. मणिकर्णिकेवर आणलं, सगळं केलं, पण नियम देहाचा नाही, शेवटच्या श्वासाचा आहे. यांचा जन्मभर स्वभावच तसा. गाडी वेळेवर आणायची आणि स्वतः एक स्टेशन आधी उतरायचं.

दुसरी अडचण माझं घर. शिंदे घाटाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, एक मोरी. मालकी एका जुन्या मराठी ट्रस्टची. भाडं महिना बावीस रुपये, सत्तेचाळीस वर्षं तेच. अट एकच, पोटभाडेकरू ठेवायचा नाही. ठेवला तर घर खाली. आणि खाली करून मी जाणार कुठे, तर माझा मुलगा प्रसन्न याच्याकडे. पोरगा गुणी, सून गोड, फ्लॅट सातव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, गरम पाणी आहे. फक्त फ्लॅट रामनगरच्या बाजूला आहे. पलीकडे.

"आई, आमच्या बाल्कनीतून सगळे घाट दिसतात," तो म्हणतो.

"दिसतात रे बाबा," मी म्हणते, "पण दिसण्यावर मोक्ष नाही."

हं, तर त्या नकाशाच्या दोन दिवसांनी विद्युताईचा फोन आला. विद्युल्लता माझी मावसबहीण, इंदूरला असते, वय एक्याऐंशी. लहानपणापासून तिला एकच हौस, शेवटी काशीवास करायचा. आता दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरनं प्रवासाला साफ नाही म्हटलं. फोनवर रडायला लागली. ती रडते म्हणजे नाक असं ओढते की मला वाटलं लाईन कट झाली.

"पद्मे, माझं काही काशीला येणं होत नाही आता."

मी म्हटलं, "तुला यायची गरजच काय? नाव पाठव."

हे माझ्या तोंडून गेलं आणि तिथून सगळं रामायण. आंब्याच्या दिवसांतल्या लंगड्याच्या पेट्या माळ्यावर पडल्या होत्या. एक फळी काढली, निळा रंग दिला, पांढऱ्यानं लिहिलं, 'सौ. विद्युल्लता खरे, काशीवासी', आणि दाराला ठोकली. फोटो इंदूरला गेला. विद्युताईनं दहा मिनिटं परत नाक ओढलं, पण या वेळी आनंदानं. चित्रगुप्तानं वही उघडली तर बाईचा पत्ता काशीचा निघणार. ईशानी म्हणाली, "आजी, तू लेटरबॉक्स कंपनी काढलीस." मी म्हटलं, "कंपनी नाही गं, सोय."

विद्युताईच्या पोटात तीळ भिजत नाही. आठवड्यात इंदूरहून चार नावं आली, मग ग्वाल्हेर, मग नागपूर, मग पुणे. पैसे मी एकाचेही घेतले नाहीत, हे लिहून ठेवा. पण पाटीच्या बदल्यात काहीतरी पाठवावं असं त्यांना वाटायचं, आणि काशीत कोकमं मिळत नाहीत, मेतकूट मिळत नाही, गोडा मसाला मिळत नाही, हे मी फोनवर सहज, अगदी सहज बोलून जायची. महिन्याभरात माझ्याकडे नऊ किलो मेतकूट झालं. गल्लीतल्या गाईसुद्धा मेतकूट-भात खायला लागल्या.

लोक मात्र चमत्कारिक असतात. नागपूरचे एक वकील विचारतात, आजी, पाप नागपुरात केलं, मरण नागपुरात आलं आणि पाटी काशीत, तर हुकूम कुठला चालेल? ईशानी म्हणाली, देशादेशांत यासाठी करार असतात, एकाच गोष्टीचा कर दोनदा लागू नये म्हणून. मी वकिलांना कळवलं की नागपूर आणि काशी यांच्यात असा करार झाल्याचं माझ्या कानावर नाही, तरी पाप बेतानं करावं. पुण्याच्या सुरुचीबाईंनी पितळी पाटी स्वतः करून पाठवली, वर सूचना, की माझी पाटी सगळ्यांच्या वर आणि बाकीच्यांपासून चार बोटं अंतर ठेवून लावावी. एकानं सासूची पाटी लावली आणि दोन दिवसांनी काढायला सांगितलं, भांडण झालं म्हणून. मी नाही काढली. मोक्ष काय रुसव्याफुगव्यावर असतो?

मग ईशानीनंच घोळ केला. एकदा जेवताना बोलली, "आता नुसत्या नावावर भागत नाही आजी. बाहेरचे देश विचारतात, त्या बेटावर तुम्ही खरोखर काही करता का? कर्मचारी आहे का, कामकाज आहे का? नसेल तर ते ठिकाण धरत नाहीत."

मी हातातला घास खाली ठेवला. एवढी माणसं माझ्या भरवशावर, आणि काशीत त्यांच्या नावानं कामकाज शून्य. चित्रगुप्त काही त्या देशांपेक्षा ढ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदे घाटावर गेले आणि प्रत्येकाच्या नावानं एक बुडी घ्यायला सुरुवात केली. सात नावं होती तेव्हा ठीक होतं. वीस झाली तेव्हा कान वाजायला लागले. बेचाळीस झाली तेव्हा घाटावरचा छत्रीखालचा पंडा मोजायला बसायचा. एकदा एकतिसाव्या बुडीला मला शिंक आली आणि त्याचा आकडा चुकला.

"माताजी, तीस हुआ कि बत्तीस?"

मी पुन्हा पहिल्यापासून घेतल्या. एक परदेशी मुलगी माझा व्हिडिओ काढत होती, तिला वाटलं फार मोठी तपस्विनी आहे. संध्याकाळी तपस्विनीला एकशे दोन ताप. प्रसन्न पलीकडून धावत आला, वाफारे दिले, आणि पहिल्यांदा नीट दाराकडे बघून म्हणाला, "आई, आपलं दार कुठे आहे?"

खरंच, दार दिसत नव्हतं. पाट्याच पाट्या.

आमच्या इरावतीनं तेव्हाच सांगितलं होतं. इरावती समोरच्या घरातली, शाळेत मराठी शिकवते, बोलते ते फळ्यावर लिहिल्यासारखं. ती म्हणाली, "पद्माकाकू, जिथे पाटी असते तिथे वाचणारा असतो." मी म्हटलं, वाचू दे की.

वाचणारा आला. घरोघर माणसं मोजत फिरणारा एक पोरगेलासा बाबू, हातात टॅबलेट. मी आत झोपलेली. त्यानं दार वाजवायचे कष्ट घेतले नाहीत. बाहेर उभं राहून बेचाळीस नावं टिपली, त्यात एक माझं मिळवलं, आणि नळजोडणी एक, खोल्या दोन, माणसं त्रेचाळीस, असं वर कळवून टाकलं. पंधरा दिवसांत कागद आला, की आपण हे घर यात्री-निवास म्हणून चालवता, त्याप्रमाणे पाणीपट्टी.

मी ऑफिसात गेले. खिडकीतल्या साहेबांना सांगितलं, हे लोक इथं राहत नाहीत.

"तो लिखवा के लाइए कि नहीं रहते."

"कुणाकडून लिहून आणू?"

"जो नहीं रहते उन्हीं से. सबका निवास प्रमाणपत्र लगेगा."

"कुठला निवास?"

"यहीं का."

मी तिथल्या बाकावर बसले आणि पाणी प्यायले. जो राहत नाही त्यानं तो राहतो असा दाखला आणावा, म्हणजे तो राहत नाही हे सिद्ध होईल. केमनवाले याच्यापुढे पोरं आहेत.

पाणीपट्टी गेली खड्ड्यात, मी भरली असती. पण त्या कागदाची एक प्रत मालकाकडे गेली. मालक म्हणजे ट्रस्ट, आणि ट्रस्टचे चिटणीस सुमंतराव. बँकेत मॅनेजर होते. हसले की व्याज बुडतं असं मानणारा माणूस. त्यांचं पत्र आलं, चार ओळींचं. आपण बेचाळीस पोटभाडेकरू ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांत समक्ष खुलासा करावा, अन्यथा जागा खाली करावी.

बेचाळीस पोटभाडेकरू. दोन खोल्यांत. ओणवे ठेवले तरी मावले नसते. पण कागदावर होते, आणि कागदापुढे मोरीची साक्ष कोण काढतो?

मी बाल्कनी बघितली. म्हणजे डोळ्यांपुढे आली. सातवा मजला, गरम पाणी, समोर सगळे घाट, आणि मी पलीकडे. रात्री-बेरात्री काही झालं तर लिफ्टनं खाली येऊन, गाडीत घालून, पूल ओलांडेपर्यंत माझा श्वास टिकेल का? यांचा तर चहा येईपर्यंतही टिकला नव्हता.

सल्ले मात्र भरपूर आले. मिसिरजी म्हणाले, "कह दीजिए सब मर गए. कासी में कौन सक करेगा?" मी म्हटलं, मग बेचाळीस मृत्यूचे दाखले लागतील, आणि सुरुचीबाई पुण्याहून येऊन मला खरोखर मारतील. त्यांचा दुसरा सल्ला असा, की या पाट्या माणसांच्या नाहीत, देवांच्या आहेत असं शपथपत्र करावं, कारण देवाला घरातून कोणी काढत नाही. इरावती म्हणाली, हा भाषाभगिनींचा हस्ताक्षर-उपक्रम आहे असं म्हणा. प्रसन्न गुपचूप घरी जाऊन माझ्यासाठी पूर्वेकडची खोली रिकामी करायला लागला, हे मला सुनेकडून कळलं. त्याचा काय दोष. पण मी त्या दिवशी जेवले नाही.

ईशानी म्हणाली, "आजी, उपाय एकच. खरं काय ते उघड करायचं. प्रत्येकाकडून सहीनिशी पत्र आणायचं, की मी काशीत राहत नाही, कधी राहिलो नाही आणि या पत्त्यावर माझा कसलाही हक्क नाही."

ऐकायला सोपं आहे. पण विचार करा, त्या माणसांनी पाटी लावली होती कशासाठी? चित्रगुप्ताला पत्ता दाखवायला. आणि मी त्यांच्याचकडून लिहून घेणार, की आमचा काशीशी संबंध नाही. सही करून, तारीख घालून. मोक्षाचा राजीनामाच की तो. विद्युताईला हे कुठल्या तोंडानं मागू? तीन दिवस फोन हातात घेऊन परत ठेवला. माणसाची अब्रू जाते ती पोलीस दारात आल्यावर नाही, आपण दिलेली वस्तू परत मागताना जाते.

शेवटी केला. सगळं सांगितलं. पलीकडे नाक ओढल्याचासुद्धा आवाज नाही. मला वाटलं, या वेळी खरंच लाईन गेली.

मग ताई म्हणाली, "पद्मे, तुला घरातून काढतील?"

"हो."

"आणि त्या बाजूला जावं लागेल? मुगलसरायच्या?"

"हो गं."

"मग वेडे, तीन दिवस काय करत होतीस? कुठल्या शाईनं लिहू सांग. निळ्या का काळ्या?"

सुमंतरावांना फोनवरचे फोटो चालत नव्हते, मूळ प्रत पाहिजे होती. तेराव्या दिवसापर्यंत पोस्टमन रोज यायचा. तो म्हणाला, "अम्मा, मसाले का पार्सल बंद हो गया, अब खाली चिट्ठी?" पहिलं पत्र ताईचंच. वाकडं अक्षर. 'मी काशीत कधी राहिले नाही, राहत नाही, पुढेही राहण्याचा हक्क सांगणार नाही. पद्माला मात्र तिथे राहू द्यावे.' नागपूरच्या वकिलांनी स्टँपपेपरवर पाठवलं, सात कलमं, पण शेवटी हातानं लिहिलेलं, आजी सांभाळा. सुरुचीबाईंनी लिहिलं, की पितळी पाटी माझी नसून चुकून लागली आहे, तरी घासून ठेवावी. ज्या सासूची पाटी मी काढली नव्हती तिनं आणि तिच्या जावयानं एकाच कागदावर सही केली होती, म्हणजे समेट झाला असावा.

चौदाव्या दिवशी बेचाळीस पत्रं पिशवीत घालून मी ट्रस्टच्या कचेरीत सुमंतरावांच्या गादीसमोर बसले. बरोबर ईशानी, आणि सरकवायला कागद आहेत म्हटल्यावर मिसिरजी. सुमंतराव एकेक पत्र उघडून वाचत होते, वाचलेलं उजवीकडे ठेवत होते. वाचता वाचता त्यांचा वेग कमी झाला. एकदा चष्मा काढून म्हणाले, "मोघेकाकू, या लोकांना कळलंय का, आपण काय लिहून दिलंय ते?"

"कळलंय. त्यातली निम्मी माझ्यापेक्षा म्हातारी आहेत."

सदतिसाव्या पत्राला ते थांबले. पत्र ग्वाल्हेरचं. खालची सही त्यांनी दोनदा वाचली.

"हा तर आमचा दादा."

मला कुठलं माहीत. आदित्य सुमंत, ग्वाल्हेर, एवढंच नाव आलं होतं. मी आपली पाटी रंगवली.

"दादा तुमच्याकडे राहतो?"

"नाही," मी म्हटलं, "तेच तर लिहिलंय त्यांनी."

"मी इथे काशीत, सख्खा भाऊ, आणि हा पाटी तुमच्या दाराला लावतो?"

मिसिरजी हळूच म्हणाले, "आपके यहाँ किराया जादा रहा होगा, साहेब."

आणि सुमंतराव हसले. मी स्वतः बघितलं. बारीक, पण हसले. व्याज बुडलं असेल तर बुडलं. मग उरलेली पाच पत्रं त्यांनी वाचलीच नाहीत, नुसती मोजली, दोरीनं बांधली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, की भाडेकरू श्रीमती पद्मा मोघे एकट्याच राहतात, नोटीस रद्द. पाट्या तेवढ्या उतरवा म्हणाले. वर पाणीपट्टीचा कागदही स्वतः खिडकीवर नेऊन दुरुस्त करून आणला. बँकेतल्या माणसाला खिडकीच्या दोन्ही बाजू माहीत असतात.

घरी आले, मेतकूट-भात केला, तूप जास्त घातलं. प्रसन्नला फोन करून सांगितलं, पूर्वेकडची खोली भाड्यानं दे. तो म्हणाला, "बरं झालं आई." पोराच्या आवाजात खरंच बरं होतं. मी त्याला उगाच पलीकडचा, पलीकडचा म्हणते.

पाट्या उतरवल्या. दार परत दिसायला लागलं, रंग उडालेलं. पण फळ्यांचं करायचं काय? फेकणार कशा? एकेकीवर माणूस लिहिलेलं. सुतार बोलावला आणि त्यांची चौकी करून घेतली, चौकी म्हणजे आपला साधा लाकडी पलंग. सुरुचीबाईंची पितळी पाटी पायथ्याशी ठोकली, चार बोटं अंतर ठेवून. रोज दुपारी मी त्यावर आडवी होते. खिळे थोडे बोचतात. पण गादीखाली इंदूर आहे, नागपूर आहे, ग्वाल्हेर आहे, बेचाळीस माणसं मला उचलून धरून आहेत, आणि त्यातल्या कुणाला मी आयुष्यात एकदाही जेवायला घातलेलं नाही. या उपकारांची फेड कशी करायची यावर मी बरेच दिवस विचार केला.

मग सुचलं. ईशानीला सांगितलंय, मिसिरजींना साक्षीला ठेवलंय. माझी वेळ आली, की मणिकर्णिकेवर लाकडं विकत घ्यायची नाहीत, म्हणजे थोडी घ्या, पण ही चौकी मोडून माझ्याबरोबर द्यायची. पितळी तेवढी गंगेत सोडा. सगळ्यांनी लिहून काय दिलंय? काशीत राहणार नाही. काशीतून जाणार नाही असं एकानंही लिहिलेलं नाही, नागपूरच्या वकिलांच्या सात कलमांतसुद्धा नाही. ईशानी म्हणाली, "आजी, याला पळवाट म्हणतात." मी म्हटलं, तुझ्या बेटवाल्यांना म्हणत असतील. आम्ही याला आभार म्हणतो.

झालं. आता एवढी सात दातांची शप्पथ घेतलीच आहे, तर एक गोष्ट उगाच वज्रलेप होऊ द्यायची नाही. एक तपशील मी बनवून सांगितला. पाट्या बेचाळीस नव्हत्या. त्रेचाळीस होत्या. मिसिरजींनी मॉरिशस खाल्लं त्याच दुपारी, विद्युताईचा फोन यायच्याही आधी, एक फळी रंगवून माझ्या खिडकीत वाळत होती. सुमंतराव पाट्या उतरल्या का बघायला आले तेव्हा त्यांनी मोजल्या. पत्रं बेचाळीस, पाट्या त्रेचाळीस. बँकेतला माणूस, त्यानं पुन्हा मोजल्या. मग ती शेवटची हातात घेऊन वाचली, 'न. वि. मोघे, गार्ड, काशीवासी'.

"यांचं पत्र?"

"ते मुगलसरायला असतात," मी म्हटलं.

सुमंतरावांनी फळी जपून परत ठेवली. मग म्हणाले, "तिकडचं टपाल उशिराच येतं," आणि रजिस्टरात बेचाळीसच लिहून गेले.

ती फळी चौकीच्या उशाशी ठोकली आहे. एकच स्टेशन राहिलंय त्यांचं. तेवढं माझ्याबरोबर करतील.